दशम्यांचा खर्च

'बाहेर' हे साधे स्थलवाचक अव्यय आहे असे व्याकरणाच्या पुस्तकात लिहिलेले असते. घरातल्या मराठीत ते तितके साधे राहत नाही. बाहेरची बाधा होते, बाई बाहेर बसते, पुरुष बाहेरख्याली निघतो. 'बाहेर जेवणे' ह्याच मालिकेतले. हॉटेलात जाऊन जेवण्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र क्रियापद तयार झाले नाही. जे आहे ते घराच्या उंबरठ्यापासून मोजलेले अंतर आहे. उलट घरचे अन्न प्रवासात बरोबर नेण्यासाठी शिदोरी आहे, संस्कृतातून आलेले पाथेय आहे, आणि खास वाटेवर खाण्यासाठी पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवून केलेली दशमी आहे. दुधात भिजवल्यामुळे ती सोवळ्याच्या नियमांतून सुटत असे. मराठी माणूस दूर गेला, परंतु शक्यतो स्वयंपाकघर बरोबर घेऊन गेला, असे शब्दसंग्रहावरून तरी दिसते.

प्रस्तुत लेखाचा विषय पैसा आहे. हॉटेलातल्या जेवणावर आणि बोटीच्या सहलीवर पैसे कसे वाचवावेत, असा अगदी गृहोपयोगी विषय. मराठी शिकवणाऱ्या दोघांनी त्याला हात घालावा ह्याचे कोणाला आश्चर्य वाटलेच, तर गोडसे भटजींची आठवण द्यावी लागेल. 'माझा प्रवास' आज आपण सत्तावनचा वृत्तान्त म्हणून शिकवतो. पण वरसईचे विष्णुभट घराबाहेर पडले ते कर्ज डोक्यावर होते आणि उत्तरेत यज्ञाची मोठी दक्षिणा मिळेल अशी वार्ता आली होती म्हणून. वाटेत लूट झाली, आणि घरी आली ती गंगेची कावड. १९०७ मध्ये छापल्या गेलेल्या त्या पुस्तकाच्या मुळाशी घरखर्चाचाच प्रश्न आहे. तेव्हा विषयाला परंपरा नाही असे कोणी म्हणू नये.

लेखातला 'आम्ही' म्हणजे आम्ही दोघे, नवरा-बायको, दोघेही मराठीचे अध्यापक, विश्रामबागेत राहणारे. घरात आई आहेत: एकाची आई, दुसरीच्या सासूबाई, आणि येथे दोघांच्याही आई. दादा २०१६ मध्ये गेले. सुरुवात त्यांच्यापासून करणे भाग आहे, कारण बाहेर जेवून पैसे वाचवण्याची जी सर्वांत जुनी मराठी पद्धत आहे तिचे ते आमच्या माहितीतले अखेरचे साक्षीदार.

ती पद्धत म्हणजे वार. दादा १९५३ साली, पंधराव्या वर्षी, गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतून सांगलीला शिकायला आले. खोली चौघांत, आणि जेवण सात घरी: सोमवार एकाकडे, मंगळवार दुसऱ्याकडे. प्रत्यक्षात त्यांना सहाच घरे मिळाली. शनिवार रिकामा राहिला. शनिवारी आपला मारुतीचा उपास असतो असे ते सर्वांना सांगत, आणि इतकी वर्षे सांगितल्यामुळे पुढे खरोखरच करू लागले. त्या घरांतल्या बायकांची नावे त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हती. 'बुधवारच्या काकू' दुसऱ्यांदा आमटी वाढताना वाटी झाकू देत नसत. 'शुक्रवारच्या वहिनी' पोळ्या मोजत. वार देणाऱ्या यजमानाचे औदार्य आपल्या चरित्रवाङ्मयात पुष्कळदा गौरवलेले आढळते. दादांच्या बोलण्यात यजमान जवळजवळ येतच नसत. येत ती वाढणारी माणसे, आणि त्यांच्या हातातल्या पळीचा वेग.

ह्याचा परिणाम असा की पुढे शिक्षक झाल्यावर, हातात पगार आल्यावरही, हॉटेलात दादा अवघडून बसत. हवे तितके वाढणाऱ्या थाळीच्या ठिकाणी त्यांना नेले तर पहिल्या वाढपानंतरच ते वाढप्याला 'पुरे' म्हणत. आणि घासाघीस कधीही करत नसत. भाजीच्या गाडीवर सुद्धा नाही. वाचवायचे ते आपल्या भुकेतून वाचवावे, दुसऱ्याच्या मापातून नव्हे, असा काहीसा त्यांचा अलिखित दंडक होता. तो आम्हांला पूर्णपणे पटत नसे. भूक मारून केलेल्या बचतीत पुण्य कसले? परंतु त्यांना एक गोष्ट फार लवकर कळली होती: फुकटचे जेवण कोणीतरी रांधलेले असते.

विश्रामबाग ही तशी शिक्षणाच्या आधाराने वाढलेली वस्ती. १९१९ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन महाविद्यालय येथे निघाले, १९४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय आले, आणि सांगली व मिरज ह्या दोन गावांच्या मधल्या माळावर प्राध्यापक, कारकून, विद्यार्थी असे लोक राहू लागले. विद्यार्थी आले म्हणजे खाणावळी येतात. आमच्या लहानपणी 'बाहेर जेवायला' जाण्याचे दोनच मार्ग परिचयाचे होते: उडप्याकडचा डोसा, तोही परीक्षेचा निकाल लागल्यावर, किंवा नृसिंहवाडीला जाऊन दुपारचा प्रसाद, आणि येताना कवठाची बर्फी. भडंग ही चैन नव्हती, तो डब्यातला शिधा होता. आता शंभर फुटी रस्त्यावरून संध्याकाळी चालत गेले तर तांबडा-पांढरा रस्सा, पंजाबी, चिनी, पिझ्झा अशी सर्व भूगोलाची उजळणी होते. त्यावर नाक मुरडण्याची आमच्या व्यवसायात प्रथा आहे. आम्ही ती पाळत नाही. आठवड्यातून एकदा, शनिवारी, आम्ही तिघे जेवायला जात असू. शनिवार का, तर दादांच्या रिकाम्या शनिवारची भरपाई, असे आई एकदा म्हणाल्या होत्या.

२०२३ च्या जूनमध्ये ह्या शनिवारांवर टाच आली. निमित्त आईंच्या बोलण्याचे झाले. त्यांचे माहेर गुहागरकडे, अंजनवेलच्या बाजूला. लहानपणी, १९५५ च्या सुमारास, त्या दाभोळहून बोटीने मुंबईला मामाकडे गेल्या होत्या. दोनदा की तीनदा. त्या वेळी त्यांना अठ्ठ्याहत्तरावे लागले होते, गुडघे कुरकुरत होते. एका जेवणात त्या सहज म्हणाल्या, "परत एकदा बोटीतून किनारा बघायला मिळाला असता तर बरं झालं असतं." 'असता तर' हा संकेतार्थ म्हातारपणी फार वापरला जातो. आम्ही तो ऐकून सोडून दिला नाही. मुंबईहून गोव्याला प्रवासी जहाज जाते, दोन रात्रींची सहल होते, हे आम्हांला ठाऊक होते. तिघांचे भाडे, बंदराचे शुल्क, कर असे सर्व मिळवून पाहिले, तर आकडा आमच्या वर्षभराच्या शनिवारांच्या आसपास येत होता. महिन्याला चार वेळा, दर वेळी साधारण ९०० रुपये; वर्षाचे ४३,२०० रुपये. शनिवार सोडले की जहाज. हिशेब इतका सरळ होता की संशय यावा.

प्रथम आम्ही शनिवार न सोडता ते स्वस्त करता येतात का, ते पाहिले. ह्या बाबतीत जी माहिती जमवली ती देऊन ठेवतो. पगार मिळवणाऱ्या वाचकांना उपयोगी पडेल. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या उपाहारगृहातल्या जेवणावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, परंतु कंपोझिशन योजनेत असलेल्या छोट्या हॉटेलाला तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. तेव्हा बिल वाचावे. सेवाशुल्क हा कर नव्हे. ते बिलात आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती भूमिका उचलून धरली. बाटलीतले पाणी मात्र छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेलांना दिलेली आहे, म्हणून साधे पाणी मागावे; ते मागण्यात कमीपणा नाही. एक भाजी कमी मागवावी, पोळ्या लागतील तशा. रविवारऐवजी मधल्या वारी जावे. ह्यात गूढ काही नाही. ह्या सगळ्यांतून दर खेपेला शंभर-दीडशे रुपये सुटतात. त्यातले सेवाशुल्काचे प्रकरण तेवढे आमच्या मनात अडकून राहिले. ते देऊ नये हे कायद्याने ठीक. पण वाढप्याच्या हाती काय पडते ह्याविषयी तो सगळा वाद जवळजवळ मुका आहे. मालक म्हणतो वाढप्यासाठी घेतो, गिऱ्हाईक म्हणते मी का देऊ, आणि वाढपी ताटे उचलत असतो.

शंभर-दीडशेने जहाज मिळत नाही. म्हणून मग प्रस्ताव आला की वर्षभर शनिवार बंदच करावेत. तो शब्दशः असा होता: "आपण वर्षभर घरीच जेवू."

येथे थोडे व्याकरण. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत: ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारे 'आपण'. वर्गात हा भेद आम्ही मोठ्या अभिमानाने सांगतो, कारण हिंदीच्या 'हम'मध्ये तो नाही आणि इंग्रजीतही नाही. परंतु 'आपण'ची एक खोड सांगायची राहते. ते सर्वांना सामावून घेते आणि काम मात्र एकालाच लावते. 'आपण पाहुण्यांना जेवायला बोलावू' ह्या वाक्यातला 'आपण' बोलावण्यापुरता खरा असतो. 'आपण वर्षभर घरीच जेवू' हे वाक्य आमच्यातल्या त्याने उच्चारले, आणि आमच्यातल्या तिने त्याचे क्रियापद बदलून ते परत केले: "म्हणजे मी वर्षभर शनिवारीही रांधू."

तिने वही मागितली. जमेच्या बाजूला बाहेरच्या जेवणाचे ९०० वजा घरच्या सामानाचे १५०, म्हणजे ७५० रुपये. खर्चाच्या बाजूला एक नवा रकाना आखला: तास. शनिवारचा स्वयंपाक, वाढणे, आवरणे मिळून दोन तास. अठ्ठेचाळीस शनिवारांचे ९६ तास. तासाला किंमत असते हे आम्हां दोघांना फार जवळून ठाऊक आहे. कायम होण्यापूर्वीची कैक वर्षे आम्ही तासिका तत्त्वावर काढली. कविता शिकवायला किती मिनिटे लागली त्यावर त्या काळी आमचे घर चालत असे. आजच्या तासिकेच्या दराने ते ९६ तास मोजले, तर ३६,००० रुपयांची सगळी बचत उणे निघते. स्वयंपाकाचा तास आणि अध्यापनाचा तास सारखे कसे, असा प्रश्न विचारला गेला. त्यावर तिचे उत्तर होते की केशवसुत सोळा वर्षे शिकवून त्यांची तयारी लागत नाही, भाजी मात्र रोज निवडावी लागते. ह्या उत्तराशी वाङ्मयीन मतभेद संभवतो, पण ते त्या दिवशी नोंदवले गेले नाहीत.

ही घरगुती कटकट येथे विस्ताराने मांडण्याचे कारण असे की बाहेर खाऊ नका, पैसे वाचवा, हा उपदेश आपल्याकडे सर्वत्र पसरलेला आहे, आणि तो करणारा बहुधा ताटावर बसलेला असतो. घरचे स्वस्त पडते ते त्यातले श्रम बिलात येत नाहीत म्हणून. ते बिलात आणायचे तर काय होते, ह्याचे एक मोठे उदाहरण मुंबईच्या गिरणगावात घडले. गिरणी कामगारांना महिन्याच्या हिशेबाने जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका घरातच रांधत. चूल तीच, खोली तीच, फक्त ताटे वाढलेली. किराणा उधारीवर, व्याज सावकाराच्या मर्जीवर. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि ह्या बायकांना बँकेकडून कर्ज मिळवून दिले. बँकेने कर्ज दिले म्हणजे काय केले? रांधणे हा धंदा आहे, त्याला भांडवल लागते आणि त्यातून परतफेड होते, हे कागदावर मान्य केले. आमच्या मते त्या वर्षी मराठी स्त्रीच्या श्रमांविषयी ज्या कविता लिहिल्या गेल्या असतील, त्या सर्वांपेक्षा ह्या कर्जाच्या अर्जांनी अधिक सांगितले. सरकारनेही स्वस्त जेवण देऊन पाहिले आहे: १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर, २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी, आणि टाळेबंदीत तीच पाच रुपयांत. त्या थाळीची खरी किंमत आणि गिऱ्हाइकाने दिलेली किंमत ह्यांतला फरक तिजोरी भरते हे सर्वांना ठाऊक असते. घरच्या थाळीतला फरक कोण भरते, ते विचारायची पद्धत नाही.

तर वाटाघाटी झाल्या. चार शनिवारांपैकी दोन शनिवार बाहेर जेवायचे ते तसेच ठेवले. उरलेल्या दोन शनिवारी तो रांधणार असे ठरले, आणि आईंनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही असे त्यांच्याकडून कबूल करून घेतले. पिठले-भात, मुगाची खिचडी, पुढे पुढे वांग्याचे भरीत. आवर्तने मर्यादित होती. वर्षाकाठी बचत अठरा हजार. वहीतला तासांचा रकाना चालू राहिला, आता दोन हस्ताक्षरांत.

अठरा हजारांत तिघांचे जहाज बसत नव्हते, परंतु जहाजाचा विचार एवढ्याने सुटला नाही. उलट आमच्यातल्या तिचा कल आता जहाजाकडे अधिक झुकला, आणि तिचे म्हणणे रास्त होते. प्रवासी जहाजाच्या भाड्यात मुख्य भोजनगृहातले सगळे जेवण धरलेले असते. चहापासून रात्रीपर्यंत, 'आज काय करायचं?' हा प्रश्न तीन दिवस कोणी विचारणार नाही. समुद्र तिला तितकासा नको होता. हा प्रश्न न विचारला जाणे हवे होते, आणि त्याची काही किंमत द्यायची तयारी होती.

त्या निमित्ताने ह्या जहाजांचे अर्थशास्त्र पाहिले. २०१८ च्या ऑक्टोबरात कान्होजी आंग्र्यांची आठवण जागवणारे 'आंग्रिया' मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाले. ते करोनाच्या काळात थांबले. सप्टेंबर २०२१ मध्ये 'कॉर्डेलिया'ची 'एम्प्रेस' मुंबईहून निघू लागली. मूळची १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली, अमेरिकी कंपनीसाठी फिरलेली. पैसे वाचवण्याची कलमे सर्वच प्रवासी जहाजांवर थोड्याफार फरकाने तीच. दर हा खोलीला नसून माणसाला असतो, आणि तोही खोलीत दोघे आहेत असे धरून. एकटा माणूस महागात पडतो, तिसरा-चौथा स्वस्तात जातो. खिडकी नसलेली आतली खोली सर्वांत स्वस्त, गॅलरीची सर्वांत महाग. शाळांच्या सुट्ट्या आणि वर्षअखेर टाळली की भाडे उतरते. मद्य, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली, वेगळी भोजनगृहे हे सगळे भाड्याबाहेर असते, आणि जहाजाची मिळकत तेथे असते. ज्याला केवळ डेकवर बसून पाणी बघायचे आहे त्याचे भागते स्वस्तात. सवलतींविषयी मात्र एक जुनी गोष्ट लक्षात ठेवावी. १९०६ मध्ये व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी तुतिकोरिनहून कोलंबोकडे स्वदेशी आगबोटी सुरू केल्या, तेव्हा ब्रिटिश कंपनीने भाडे उतरवत उतरवत अखेर फुकट प्रवास देऊ केला आणि वर एकेक छत्री भेट दिली. स्वदेशी कंपनी बुडाली. छत्र्यांचे पुढे काय झाले हे इतिहासात नाही.

आईंना आम्ही चित्रे दाखवली. पोहण्याचा तलाव, रंगमंच, झुंबरे. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि त्यांनी विचारले, "ह्यातून दाभोळ दिसेल का?"

वेळापत्रक पाहिले. जहाज संध्याकाळी मुंबई सोडते. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी हा सगळा किनारा रात्री मागे पडतो, आणि तोही बराच दूरवरून. कोणत्याही सवलतीत तो मिळणार नव्हता. गॅलरीच्या खोलीतूनही काळोखच.

आईंची बोट निराळी होती. भाऊच्या धक्क्यावरून निघून ती बंदराबंदराला थांबत जाई. खाडीच्या तोंडाशी उभी राही, आणि गावातून पडाव माणसे घेऊन तिच्या अंगाला भिडत. लाटेवर पडाव वर आला की त्या क्षणी खलाशी मुलांना उचलून वर देत. डेकवर सतरंज्या पसरलेल्या, ट्रंकांच्या भिंती केलेल्या. बोट लागू नये म्हणून हातात लिंबू. ('बोट लागणे' ह्यावरूनच आपण पुढे 'गाडी लागणे' म्हणू लागलो असावे, असा आमचा तर्क.) पावसाळ्यात ही वाहतूक बंद राही, आणि समुद्राची भीती खरी होती. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येला, 'रामदास' बोट मुंबईहून रेवसकडे जाताना बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. आईंच्या लहानपणी हे नाव कोणी मोठ्याने घेत नसे. पण डेकचा उतारू गरीब असला तरी वारा आणि किनारा त्याला भाड्यातच मिळत होते. आज गॅलरीच्या खोलीला जी जास्तीची रक्कम मोजतात, ती ह्या दोन वस्तूंची. रस्ते सुधारत गेले, एसटी वाडीवाडीत पोहोचली, बोटींचे थांबे टप्प्याटप्प्याने बंद झाले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्याविषयी हळहळण्याचे कारण नाही. पडावातून बाळंतिणीला बोटीवर चढवण्यात काव्य काहीच नव्हते.

ह्या आठवणींत आई दरवेळी एका ठिकाणी थांबत. आदल्या रात्री त्यांची आजी दशम्या करी. चुलीसमोर, दोन वाजेपर्यंत. दोन दिवसांच्या, पाच माणसांच्या. फडक्यात बांधून देई, वर लसणाची चटणी. डेकवर ते फडके सुटले की आजूबाजूची माणसे म्हणत, काय मऊ दशम्या आहेत! "आणि आजी?" आम्ही एकदा विचारले. "ती कशाला येतेय? गुरं कोण बघणार?" जिच्या दशम्यांवर सगळ्या घराचा बोटीतला जेवणखर्च वाचला, ती बाई जन्मात बोटीत बसली नाही. धक्क्यापर्यंतही आली नाही. आपली प्रवासवर्णने वाचताना आता आम्हांला ही खोड लागली आहे: शिदोरी सोडल्याचा उल्लेख आला की ती बांधली कोणी, ते शोधायचे. बहुतेकदा उल्लेख नसतो. वाक्य कर्मणी असते.

तेव्हा आमच्यातल्या तिने तडजोडीची अट घातली: किनारा बघायला जाऊ, पण घरून दशमी, पोळी, चिवडा काहीही न्यायचे नाही, आणि जेथे जेवू तेथे दर पाडून मागायचा नाही. दादांचा दंडकच नव्या शब्दांत.

२०२४ च्या जानेवारीत, वर्ष पुरे होण्याआधीच, कारण गुडघ्यांचा भरवसा नव्हता, आम्ही कऱ्हाडवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे गुहागरला गेलो. हाती त्या वेळी दहा-अकरा हजार साठले होते, ते पुरले. वाशिष्ठीच्या मुखावर धोपावे ते दाभोळ अशी फेरीबोट २००३ पासून चालते. मोटारी, मोटारसायकली, शाळेची मुले, माशांच्या पाट्या असे सर्व तिच्यावर चढते. माणशी तिकीट चहाच्या आसपास. पलीकडे जायला मोजकीच मिनिटे लागतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंना कठड्याशी उभे राहायला जागा करून द्यावी लागली नाही. लोकांनी आपणहून केली. अंजनवेलचा दीपस्तंभ कोठे, गोपाळगड कोठे, बोट कोठे उभी राही, हे त्यांनी हाताने दाखवले. वीजप्रकल्पाच्या चिमण्या पाहून म्हणाल्या, "हे एन्रॉन ना?" दाभोळचे नाव जगभर गाजले ते त्या प्रकल्पामुळे, आणि प्रकल्प दाभोळात नाहीच, तो त्यांच्या माहेरच्या बाजूला आहे. ही गंमत त्यांनी तिकीट फाडणाऱ्या मुलालाही सांगितली. दाभोळला उतरून चहा घेतला आणि त्याच बोटीने परत आलो. मग त्या म्हणाल्या, अजून एकदा. मग पुन्हा एकदा गेलो आणि आलो.

जेवण आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवले होते. एका घराच्या पडवीत चार टेबले टाकलेली घरगुती खाणावळ. वालाची उसळ, तांदळाची भाकरी, सोलकढी, ओल्या नारळाची चटणी. दर त्यांनी सांगितला तो आम्ही दिला. जेवून हात धुवायला गेलेल्या आई बराच वेळ परत आल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराशी चौकटीला धरून त्या उभ्या होत्या आणि आत विचारत होत्या, "तू कधी जेवणार गं?" आतून उत्तर आले, "आणखी चौघं यायचीत आजी, त्यांचं झालं की." मग दोघींचे बराच वेळ काही चालले होते. आम्ही पडवीत थांबलो.

सांगलीला परतल्यावर वहीत नोंदी केल्या. पेट्रोल, एक रात्र राहणे, फेरीबोट तिघे चार फेऱ्या, जेवण तिघे दोन वेळा. तासांच्या रकान्यात आमच्या दोघांचे काहीच नव्हते, म्हणून त्या ओळीवर रेघ मारायला घेतली. आईंनी पेन मागून घेतले आणि खाणावळीच्या नोंदीसमोर, तासांच्या त्या रकान्यात, जोडाक्षरे सुटी करण्याच्या आपल्या जुन्या वळणाने लिहिले: पहाटे साडेचारपासून.